उपवास केला आहे का?

आमच्या निवेघर गावातून पुण्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे आधी लाँच, मग जीप, मग घाट. धडधाकट माणूससुद्धा पोचेपर्यंत अर्धा होतो. आईचं तर हृदयच अर्धं राहिलं होतं, त्यामुळे तिला त्या वाटेनं आणायचं नाही असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं. म्हणून नाकतोडा.

त्याचं कागदावरचं नाव काहीतरी वेगळं आहे. चार बाजूंना पंखे, मधे दोन माणसांपुरती काचेची डबी, आणि चालवायला कुणीही नाही. कोयनेच्या पाण्यावरून उडी मारल्यासारखा येतो, बंद पडलेल्या शाळेच्या मैदानात बसतो आणि आजारी माणूस घेऊन पुन्हा उडी मारतो. त्याचा आवाज तेवढा बाईचा आहे. गोड, समजूतदार, आणि असा काही शहाणा की दोन मिनिटांत कानाखाली वाजवावीशी वाटते.

मी रेश्मा. शालन उतेकरांची धाकटी लेक. मला गावातच दिलेली, त्यामुळे माहेर दोन घरं सोडून. तोंडाळ आहे असं गाव म्हणतं आणि त्यात गावाचं काही चुकत नाही. आईचं सगळं मीच बघत होते. दादा बघायचा, पण दादाचं बघणं म्हणजे उंबऱ्यात उभं राहून काळजी करणं. काळजीनं औषध पोटात जात नाही, ते कुणीतरी वेळेवर द्यावं लागतं.

आता आईवर करणार काय होते, ते सांगते. मला डॉक्टरांनी तीनदा समजावलं तेव्हा कुठं ते डोक्यात शिरलं. आईच्या दंडातून रक्त काढलं. त्यातल्या पेशींना औषधं देऊन म्हणे पुन्हा लहान करतात, पार पोटातल्या गर्भाइतक्या लहान. इतक्या लहान पेशीचं अजून काही ठरलेलं नसतं, ती कातडी होईल, हाड होईल, काहीही होईल. मग तिला टाकीत ठेवून वळण लावायचं, की बाई, तू हृदय हो. पाच महिन्यांत तळहाताएवढा मांसाचा पापुद्रा तयार होतो आणि तो आपणहून धडधडायला लागतो. तो आईच्या हृदयाच्या मेलेल्या भागावर शिवायचा. ठिगळच म्हणा ना. आणि ते परक्याचं नाही, तिचंच, म्हणून अंग त्याला नाकारत नाही.

गोम एकच. टाकीत त्या ठिगळाला सारखं खायला मिळत असतं. टाकीतून काढलं की त्याची उपासमार सुरू. दुपारपर्यंत शिवलं तर शिवलं, नाहीतर ते मरतं. परत टाकीत घालता येत नाही, जंतू जातात. म्हणून नाकतोड्यानं रुग्ण निघाल्याचं कळवल्याशिवाय ते बाहेर काढतच नाहीत. आणि नवं करायचं तर पुन्हा पाच महिने. हा मे महिना. आई हा पावसाळा काढेल का, याचीच डॉक्टरांना खात्री नव्हती.

त्यामुळे आठवडाभर मी आईची नुसती रंगीत तालीम घेतली. अंगणात खुर्ची ठेवून पट्टा बांधायला शिकवलं. सोसायटीच्या काट्यावर तिचं वजन केलं, माझं केलं, कारण नाकतोडा किलोकिलोचा हिशेब ठेवतो. उन्हाळ्याची हवा विरळ, पंख्यांना उचल कमी मिळते, म्हणून जास्तीचा तांब्यासुद्धा चालत नाही. नाकातली चमकी काढायला लावली तेव्हा आई रुसली. "नाक बुजलं तर?" म्हणाली. मी म्हटलं, "हृदय बुजायला आलंय, नाकाचं काय घेऊन बसलीस!"

आणि रोज सकाळी फोनवर त्या शहाणीचा निरोप वाजायचा. "प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून रुग्णाने उपवास करावा." मी तो आईला मोठ्यानं ऐकवायचे. वर स्वतः बजावायचे, "आई, उपवास आहे हं. विसरायचं नाही."

"अगं व्हय, ध्यानात हाय माझ्या. किती डोकं खाशील?"

भीती मला उगाच नव्हती. मागच्या साली आमच्या बबनकाकांचं काय झालं ते अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. काका नाकतोड्यात बसले, वर गेले, आणि खुशीत येऊन काकूला म्हणाले, "आजचा चहा काय फक्कड झाला होता गं!" झालं. ती बया सगळं ऐकत असते. "रुग्णाने सेवन केल्याचे आढळले. फेरी रद्द." पाण्याच्या मधोमध नाकतोडा वळला आणि काकांना शाळेच्या मैदानात आणून टाकलं. गाव हसून हसून बेजार. काकांचा फक्त गुडघा होता, म्हणून हसलो.

ठरल्या दिवशी उजाडतानाच दादानं आईला पाठीवर घेतली आणि मैदानात आणली. अर्धं गाव आलेलं. आई अंघोळ करून, इरकल नेसून, कपाळाला अंगारा लावून तयार. इतकी टवटवीत दिसत होती की मला बरं वाटलं. सकाळी मी तिच्याकडे पोचायच्या आधीच तिचं सगळं आवरलेलं होतं. म्हटलं, चला, शहाण्यासारखी वागली.

काचेचं दार उघडलं. "सुप्रभात, शालनताई. उपवास केला आहे का?"

आईनं हात जोडले. "व्हय माय, केलाय."

"धन्यवाद. कृपया बसून घ्या."

आम्ही बसलो. पट्टे लागले. मग ती म्हणाली, "वजन मर्यादेपेक्षा थोडे जास्त आहे."

मी तर सगळं मोजून आणलं होतं! चप्पल काढून बाहेर फेकली. शाल फेकली. कपड्यांची पिशवी दादाच्या अंगावर टाकली. आई मुकाट बसून होती, पदर पोटाशी घट्ट धरून. मला वाटलं, घाबरली. शेवटी कुठं ती बया राजी झाली.

दादा काचेला तोंड लावून म्हणाला, "रेश्मे, मला ते डॉक्टरी काय सांगू नको, मला कळत न्हाय. हृदय चालू हाय का, तेवढं सांग."

"सांगते. हो बाजूला, पंख्यात डोकं जाईल."

आम्ही उठलो. खाली कोयनेचं पाणी, आटून लाल झालेले काठ, आमची घरं. आई काचेला नाक लावून बघत होती. "आपली म्हस बघ की गं, केवढीशी दिसतीय," म्हणाली आणि हसली. हसली की तिला धाप लागायची. मी तिचा हात धरला. मला तेव्हा खरंच वाटलं की जमलं सगळं.

मग आईनं पदराखालून डबा काढला.

स्टीलचा, दोन पुडांचा, तिचा शेताला न्यायचा डबा. "तू काय बी न खाता आली आसशील, म्हाईत हाय मला. घे. अजून कोमट हाय."

तरी म्हटलं वजन कुठून वाढलं! मी झाकण उघडलं. साबुदाण्याची खिचडी. तुपात परतलेली, वर दाण्याचा कूट, हिरवी मिरची. आणि डबा निम्मा रिकामा.

"आई." मी डबा तिच्यापुढं धरला. "हे निम्मं कुठं गेलं?"

"म्या खा..."

मी तिच्या तोंडावर हात दाबला. डोक्यावरच्या जाळीतून ती बया ऐकत होती. आईनं माझा हात बाजूला केला, चिडलीच. "आसं काय करतीस? उपासाचंच हाय की समदं! शेंदेलोण घातलंय, जिरं घातलंय. हळद न्हाय, मोहरी न्हाय. उपास मोडंल आसं एक सुदिक घातलं न्हाय मी. यवढ्या लांबचा उपास, अंगात बळ नगो व्हय?"

अहो, तिनं उपास केला होता. अगदी मनापासून, देवाचं काम समजून केला होता. पहाटे उठून, सोवळ्यात, त्या मशीनच्या शब्दाला मान देऊन. 'उपाशी राहा' असं तिला कुणी म्हणालंच नव्हतं. मशीन 'उपवास' म्हणालं. आणि त्या पढतमूर्ख यंत्राच्या मागोमाग मीही पोपटासारखी 'उपवास, उपवास' करत राहिले. मी, जिनं जन्मभर आईच्या हातची उपासाची खिचडी चापून खाल्ली!

"शालनताई, आपण काही म्हणालात का?" वरून आवाज आला.

आईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. मी तिच्या आधी ओरडले, "उपवास! उपवासाबद्दल बोलतोय आम्ही!"

"उपवास नोंदवला आहे. धन्यवाद."

मी आईच्या कानाशी तोंड नेलं. "आई, माझी शपथ आहे तुला. आता एक अक्षर बोलायचं नाही. खाली उतरेपर्यंत नाही."

"का गं? काय चुकलं का माझं?"

"नाही. तुझं काही नाही चुकलं."

ती गप्प बसली, पण माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला कळलं होतं काहीतरी बिनसलंय. मी डबा मांडीत घेऊन बसले आणि विचार करायला लागले. विचार कसला, नुसता जाळ. खरं बोलले तर नाकतोडा आत्ता वळणार, आणि तिकडं टाकीतून काढलेलं ठिगळ दुपारी मरणार. पाच महिने आईकडे नाहीत. गप्प बसले तर भूल देताना पोटातलं उलटून घशात येणार आणि तिथून फुप्फुसात. हे मला माहीत होतं, कारण ते उपाशी का ठेवतात हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. मलाच फार अक्कल ना! आईला सांगायचं तेवढं राहिलं. डोंगरामागून डोंगर जात होते आणि मी मनात एकच म्हणत होते, एखादं माणूस भेटू दे. यंत्र नको, माणूस.

दवाखान्याच्या गच्चीवर उतरलो. बिनमाणसाची ढकलगाडी आपोआप आली, आईला त्यावर आडवं केलं, आणि ती गाडी चालू लागली. मी अनवाणी तिच्यामागं पळतेय, हातात डबा. दोन दारं गेली. दोन्ही दारांत तोच गोड आवाज, तोच प्रश्न, आणि आईनं माझ्याकडे बघत तेच उत्तर दिलं. "व्हय, केलाय." खोटं एकदाही बोलली नाही ती.

तिसऱ्या दारात एक बाई उभ्या होत्या. हिरवे कपडे, डोक्यावर टोपी, चष्मा. भूल देणाऱ्या डॉक्टर, नसरीन तांबोळी. मी त्यांच्या समोर डबा धरला. "मॅडम, हिनं खाल्लंय. पहाटे. उपास म्हणून खाल्लंय."

त्यांनी डब्यात बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग हातातली टॅबलेट टेबलावर उपडी ठेवली. "याच्यात लिहिलं की ऑपरेशन थिएटर आपोआप बंद होतं," त्या हळू म्हणाल्या. "उपवास म्हणजे उपवास, असंच धरून चाललो होतो आम्ही. आमच्याकडे रोजा म्हटला की पाण्याचा घोट नाही. साबुदाण्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

"तुमच्या डोक्यात नाही आलं, म्हणून माझ्या आईनं मरायचं का?" मी ओरडलेच. मग रडू फुटलं. "मॅडम, काहीतरी करा हो. पाया पडते."

त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसल्या आणि मला सांगितलं. पोट रिकामं व्हायला दुपार टळेल. तुपातलं, दाण्याचं, जड अन्न, त्यात दुबळं हृदय, म्हणजे पचायला आणखी उशीर. ठिगळ तेवढं थांबणार नाही. नळी घालून पोटातलं जमेल तेवढं ओढून काढता येईल, पण साबुदाणा नळीतून धड येत नाही, चिकटून बसतो. भूल झटपट द्यायची, घसा दाबून धरायचा, आणि वर काही येऊ नये अशी आशा करायची. येण्याची भीती खूप आहे. "माझी आई असती तर काय केलं असतं, असं विचारू नका," त्या म्हणाल्या. "मला नाही माहीत."

"मला इचारा की," आई म्हणाली.

आम्ही दोघी वळलो. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"पोट माझं, काळीज माझं, आन् तुम्ही दोघी काय वाटून घेताय? ते ठिगाळ कुठं हाय? मला दावा आधी."

डॉक्टर उठल्या आणि आतून एक पेटी घेऊन आल्या. वर काच, आत कोमट पाणी, आणि त्यात गुलाबी पापुद्रा. धडधडत होता. आखडायचा, सैल पडायचा, पुन्हा आखडायचा. आई कोपरावर रेलून त्याच्याकडे बघत राहिली. स्वतःच्या हृदयाचा तुकडा कुणी असा समोर बघतं का कधी? माझ्या अंगावर काटा आला. तिच्या मात्र नाही.

"दमल्यागत वाटतंय," ती म्हणाली. "रेश्मे, हे बी उपाशीच हाय का गं?"

डॉक्टर म्हणाल्या, "हो आजी. सकाळी बाहेर काढल्यापासून त्याला काही मिळालेलं नाही."

"आन् मी भरल्या पोटानं बसलीय." आईनं पेटीच्या काचेवर हात ठेवला. "आता गं बया, मग बसलाय काय? त्याला उपाशी मारून मी काय करू? घ्या मला."

"आई, नको," मी म्हणाले. "काही झालं तर मी दादाला काय तोंड दाखवू? आपण परत जाऊ. बघू पुढचं."

"पुढचं म्हंजी कुठलं?" असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं. मग माझ्या गालाला हात लावला. "तू आधी खाऊन घे. टाकू नगं ते. तुझ्यासाठीच आणलंय."

गाडी आत गेली. दार मिटलं. मी बाकावर बसून ती खिचडी खाल्ली. थंड झाली होती, तूप टाळूला चिकटत होतं, आणि मी रडत रडत शेवटचा दाणासुद्धा चाटून पुसून खाल्ला. तिनं सांगितलं होतं म्हणून.

दुपारी तांबोळी मॅडम बाहेर आल्या. टोपी हातात, केस घामानं चिकटलेले. "ठिगळ बसलंय," म्हणाल्या. "छान पकडलंय त्यानं." "आणि आई?" मी त्यांचा हात धरून हलवला, तेव्हा म्हणाल्या, "भूल देतानाच वर आलं. मी धरलं होतं घट्ट. तरी थोडं आत गेलं."

ते थोडंसं आईच्या फुप्फुसात आठवडाभर जळत राहिलं. तोंडात नळी, छातीला मशीन, डोळे मिटलेले. आणि वरच्या पडद्यावर हृदयाची रेघ बघाल तर एखाद्या पोरीसारखी. ज्यासाठी आलो होतो ते काम फत्ते झालं होतं. डॉक्टर यायचे, रेघ बघून माना डोलवायचे, मग फुप्फुसाचा फोटो बघून खाली बघायचे. मी आईचे पाय चोळत बसायचे आणि तिला रागवायचे. डोळे उघड म्हणायचे. म्हैस आटलीय म्हणायचे. काय वाट्टेल ते म्हणायचे.

दादा रोज फोन करायचा. बाकी काही विचारायचा नाही. "हृदय चालू हाय ना?" मी म्हणायचे, "हो." तो गावाला ओरडून सांगायचा, मला ऐकू यायचं. तिकडं देवळात नारळ फुटायचे.

शेवटच्या दिवशी, सकाळीच, तांबोळी मॅडमनी मला बाहेर बोलावलं. म्हणाल्या, आता राहिलं नाही काही. मेंदूपर्यंत हवा पोचेना झालीय, दोन दिवस झाले. मशीन काढावं लागेल. मी सही केली. मला भांडायचं होतं, पण कुणाशी भांडणार?

नळी काढली. आईची छाती एकदा वर आली, खाली गेली, आणि मग आलीच नाही. मी तिच्या कपाळावर ओठ टेकले. अंगाऱ्याचा वास गेला होता.

आणि रेघ चालूच.

मी मॅडमकडे बघितलं. त्या हळूच म्हणाल्या, "ते ठिगळ आहे. ते आपलं आपण धडधडतं, त्याला कुणाच्या हुकमाची गरज नसते. रक्तातला प्राणवायू संपला तरी थोडा वेळ चालेल. दहा मिनिटं, वीस मिनिटं. बसा तुम्ही."

मी आईच्या छातीवर हात ठेवला. आत ते धडधडत होतं. आखडत होतं, सैल पडत होतं. आई गेली होती आणि ते तिथं एकटं, उपाशी, काम करत बसलं होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. दादा. मागं माणसांचा गलका, कुणीतरी घंटा वाजवत होतं.

"रेश्मे, लाँचवर बसतोय मी. न्हाय राहवत. दुपारपर्यंत येतो बघ." त्याला धाप लागली होती. "हृदय चालू हाय ना?"

माझ्या तळहाताखाली एक ठोका पडला. मग बऱ्याच वेळानं दुसरा.

"हो," मी म्हणाले.